दुसरी रांग, तिसरं डेस्क

(१, १)

"दाराकडून पहिली रांग, पुढून पहिलं डेस्क. कोण बसलंय तिथे?" यमुनानं विचारलं.

"मी, बाई."

"उभी राहा. आज तुला नाव नाही. आज तू एक कॉमा एक."

वर्ग हसला. कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर बसलेले परीक्षक उपासनी सर, जे सकाळपासून चार पाठ बघून कंटाळले होते, तेही मान वर करून बघायला लागले. मी मात्र हसले नाही.

मी वर्गाच्या अगदी शेवटी, चौथ्या रांगेच्या मागे मांडीवर वही घेऊन बसले होते. आमच्या बी.एड. कॉलेजात तशी रीतच होती. एकीचा अंतिम पाठ चालू असताना दुसरीनं मागे बसून तो टिपायचा. वहीत चार रकाने: वेळ, शिक्षिकेची कृती, विद्यार्थिनींची कृती, शेरा. यमुना ऐवळेचा पाठ संपला की त्याच वर्गावर माझा पाठ होता, आणि मग ती माझ्या खुर्चीत येऊन बसणार होती.

वेळ: ११.२०. शिक्षिकेची कृती: एका मुलीला उभे केले. शेरा: शैक्षणिक साहित्य नाही.

शेवटचं वाक्य मी जरा दाबूनच लिहिलं.

संस्थेच्या या कन्याशाळेत जूनपासून गणिताची एक जागा भरायची होती. एकच. आमच्या दातीर सरांनी दोघींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, अंतिम पाठाला जिला जास्त गुण तिच्या हातात ऑर्डर. गणित घेतलेल्या आम्ही दोघीच होतो. माझ्या घरी ठरलेलं होतं की एप्रिलअखेर ऑर्डर आली नाही तर मे महिन्यात आत्याच्या मुलाशी लग्न. त्याची पिठाची गिरणी होती, माणूसही वाईट नव्हता. मला फक्त ते नको होतं. मला फळा हवा होता.

(३, ५)

"आता तिसरी रांग, पाचवं डेस्क."

दुसरी मुलगी उभी राहिली. सगळ्या वर्गानं आधी हिच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्या शाळेत अजून जुनी सुटी डेस्कं होती, एका मुलीला एक. चार रांगा, रांगेत सात. नववी ब मध्ये मुली अठ्ठावीस. या गोष्टीचा कुणाला कशासाठी उपयोग होईल असं मला वर्षभरात एकदाही सुचलं नव्हतं.

यमुनाला सुचलं होतं.

मी माझ्या पाठासाठी विट्याहून कार्डशीट आणले होते. थर्माकोलचा पांढरा फळा, त्यावर निळ्या शाईनं आखलेले चौकोन, लाल लोकरीचा धागा, रंगीत टाचण्या. आठ दिवस खपत होते. यमुना रोज संध्याकाळी कॉटवर पालथी पडून शेंगदाणे खात माझं काम बघायची. छान झालंय म्हणायची, आणि ते तिला खरंच वाटायचं. मला त्याचाच जास्त राग यायचा. तिचं अक्षर बेताचं, आवाज बारीक, साड्या तीन. पण शाळा सुटली की पोरी तिच्या हातातली वह्यांची चळत धरायला धावायच्या. माझ्या हातात थर्माकोलचा फळा असायचा, आणि तो मी एकटीच उचलून आणायचे.

पाठाच्या दोन दिवस आधी तिनं वसतिगृहाच्या खोलीत फरशीवर चिंचोके मांडले. चार रांगा, रांगेत सात. मग दोन चिंचोक्यांवर बोट ठेवलं.

"ही आणि ही मी उभी करणार. एवढ्यावरून त्यांनी रेषा शोधायची. समीकरण मांडलं की त्यांनाच कळेल अजून कोण उठायला हवं. बघ, ही एक आणि शेवटी ही एक. चार पोरी उभ्या राहिल्या की वर्गात सरळ रेषा दिसेल, निर्मला. फळ्यावर नाही, त्यांच्यातच. कसं वाटतं?"

बरं आहे, मी म्हटलं. पण मुलींचा गोंधळ उडेल.

चिंचोके तिनं गोळा करून डब्यात टाकले. पण नंतर उठायचे ते दोन कुठले, हे माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या रांगेतला तिसरा. चौथ्या रांगेतला सातवा.

(२, ३)

दुसऱ्या रांगेत तिसऱ्या डेस्कावर छबू बसायची. चौथ्या रांगेत शेवटी शेवंता.

अंतिम पाठाच्या दिवशी कच्च्या मुलींना घरी थांबायला सांगायचं, हे त्या काळात सगळेच करायचे. कुणी त्याला लबाडी म्हणत नसे. परीक्षकानं चुकून नेमकी तिलाच विचारलं तर काय घ्या, एवढाच त्यामागचा विचार. मुलींनाही ते अंगवळणी पडलेलं. आणखी एक युक्ती होती. उत्तर येत असेल तर उजवा हात वर करा, येत नसेल तर डावा. म्हणजे परीक्षकाला सगळा वर्ग हुशार दिसतो. ही युक्ती नववी ब ला मीच शिकवली होती.

यमुनाला हे दोन्ही मान्य नव्हतं. मला सगळ्या अठ्ठावीस हव्यात, ती म्हणाली होती, एकीलाही सुट्टी नाही.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी छबूला आणि शेवंताला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. उद्या तपासायला साहेब येणार आहेत, तुम्ही येऊ नका, असं सांगितलं. शेवंता बरं म्हणून गेली. छबूनं खाली बघत विचारलं, ऐवळे बाईंच्या तासाला पण न्हाई का? त्यांच्या तासाला पण नाही, मी म्हटलं.

मग मला वाटलं, दोघीच नसल्या आणि नेमक्या त्याच दोन जागा रिकाम्या दिसल्या तर यमुनाच्या लक्षात येईल. म्हणून मी पारूलाही थांबवलं. पारू तिसऱ्या रांगेत दुसऱ्या डेस्कावर बसायची. त्या रेषेशी तिचा काही संबंध नव्हता. पारू कच्चीही नव्हती.

"माझं काय चुकलं, बाई?"

काही चुकलं नाही, मी म्हटलं. साहेबांना वर्गात कमी मुली हव्यात.

तर त्या दिवशी यमुनानं हजेरी घेतली तेव्हा तीन नावांना उत्तर आलं नाही. तिनं रिकाम्या डेस्कांकडे पाहिलं, हजेरीपट मिटला, आणि माझ्याकडे नुसती नजर टाकली. मी वहीत डोकं घातलं. आता ती बेत बदलेल, घाबरेल, फळ्यावर सूत्र लिहून मोकळी होईल, असं मी धरून चालले होते. ती काहीच न बदलता पुढे गेली. दोघींना उभं केलं.

"हिच्यापासून तिच्यापर्यंत जायचंय. किती रांगा ओलांडाल?"

दोन, वर्ग म्हणाला.

"आणि किती डेस्कं मागे जाल?"

चार.

"मग एक रांग ओलांडली की किती मागे?"

हात वर झाले. काही उजवे, काही डावे, सवयीनं. मी बघत होते. यमुनानं डाव्या हाताची मुलगी निवडली. ती गडबडली, उभी राहिली, बोटं मोजली आणि दोन म्हणाली. दुसऱ्या वेळीही यमुनानं डावाच हात निवडला. तिसऱ्या वेळी वर्गाला काय चाललंय ते कळलं. उजवे हात खाली आले आणि पोरी मुद्दाम डावे हात वर करायला लागल्या.

एका रांगेला दोन डेस्कं, याला रेषेचा चढ म्हणतात, हे तिनं मग सांगितलं. आधी नाही. रांगेला एक्स म्हणू, डेस्काला वाय म्हणू. वाय वजा एक बरोबर दोन गुणिले एक्स वजा एक, यातलं एक्स वजा एक कंसात. कंस सोडवला. फळ्यावर उरलं: वाय = २ एक्स − १.

"आता दुसरी रांग. कोण उभं राहील?"

दोन दुणे चार, वजा एक, तीन. दुसरी रांग, तिसरं डेस्क. सगळ्यांनी माना वळवल्या. तिथे कुणी नव्हतं.

हेच मला हवं होतं. मी पेन उचललं. शेरा या रकान्यात "नियोजनाचा अभाव" एवढे दोन शब्द मनात तयार होते.

पहिल्या रांगेतली उभी मुलगी म्हणाली, "बाई, छबू न्हाई आली. पण रेषा तिथनंच जाणार."

"छबू नाही तर कशी जाईल?"

"छबू नसली म्हणून काय झालं? जागा हाय की."

यमुनानं छबूच्या डेस्काजवळ जाऊन हातातला खडू त्यावर उभा ठेवला. पुढे दारापाशी एक मुलगी, मधे एक पांढरा खडू, मागे दुसरी मुलगी. वर्गात रेषा दिसत होती. चौघी उभ्या असत्या तर इतकी दिसली नसती, हे मला त्याच क्षणी कळलं.

मी पेन खाली ठेवलं.

(३, २)

अजून पारूचं डेस्क राहिलं होतं.

तेवढं तरी तिला अडवेल, अशी मला आशा होती. रेषेवर नसलेली रिकामी जागा पोरींना गोंधळात टाकेल. आणि तसंच झालं. तिसऱ्या रांगेतली एक धिटाईनं उठली. पारूचं डेस्क पण रिकामं हाय, तिथनं पण रेषा जाती का, असं तिनं विचारलं.

यमुनानं तिला दुसरा खडू दिला. "तूच बघ आणि ठेव."

मुलगी फळ्यापाशी गेली. तिसरी रांग, तीन दुणे सहा, सहातून एक गेला, पाच. मग पारूच्या डेस्कापाशी आली आणि पुढून मोजलं. एक, दोन. खडू हातातच धरून ती थांबली.

"न्हाई बाई. नुसतं रिकामं असून भागत न्हाई."

उपासनी सर मोठ्यानं हसले. परीक्षक पाठात हसलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

यमुनानं तिचं ते वाक्य सगळ्या वर्गाला परत म्हणायला लावलं, नीट करून: ज्या बिंदूची एक्स आणि वाय ही जोडी समीकरणात बसते तोच रेषेवर. पारूची जोडी बसत नव्हती. पाठाच्या टाचणात "विरुद्ध उदाहरण" असा एक मुद्दा असतो. तो बहुतेकींचा कोरा राहतो. तिचा तो मी भरून दिला होता.

(४, ७)

आता शेवटची रांग उरली होती. चार दुणे आठ, आठातून एक, सात. चौथी रांग, सातवं डेस्क. पंचवीस डोकी एकदम वळली. शेवंताचं डेस्क बरोबर माझ्यासमोर होतं, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. उपासनी सरांनीही.

यमुना मागे आली. तिसरा खडू तिनं शेवंताच्या डेस्कावर ठेवला. तिच्या साडीचा पदर माझ्या वहीला घासला. ती इतकी जवळ होती की तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल. ती परत फळ्याकडे गेली.

घंटा व्हायला तीन मिनिटं असताना उपासनी सर उठून उभे राहिले. पाठ थांबवून परीक्षकानं बोलायचं नसतं, पण त्यांना राहवलं नाही.

"ऐवळे, तीन डेस्कं रिकामी. दोन रेषेवर, एक बाहेर. ही योजना कोणाची?"

वर्गात एक मुलगी तोंड उघडत होती. ती काय सांगणार होती ते मला माहीत होतं. काल टाकीपाशी आम्हाला तिनं पाहिलं होतं. नोकरी गेली, वर्षही गेलं, मी मनात म्हटलं. कॉलेजातून नाव काढतील.

"माझीच, सर," यमुना म्हणाली.

"मुलींना मुद्दाम घरी ठेवलंत?"

"हो सर. एक दिवसापुरतं. उद्या त्यांचा तास स्वतंत्र घेणार आहे."

सर मान हलवत खाली बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. वर्गातल्या त्या मुलीनं तोंड मिटलं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: उत्तम नियोजन. दुसरं काही लिहिणं मला शक्यच नव्हतं.

(५, ९)

नववी ब मध्ये पाचवी रांग नव्हती, नववं डेस्क तर नाहीच. तिथे पोचायचं तर भिंतीतून बाहेर जावं लागलं असतं.

माझा पाठ मी टाचणाप्रमाणे घेतला. धागा ताणला, टाचण्या टोचल्या. मुलींनी उजवे आणि डावे हात वर केले, मी उजवे निवडले. उपासनी सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मागे खुर्चीत बसून यमुनानं माझ्या पाठाला चांगला शेरा दिला. तो खरा होता की नाही, ते मी तिला कधीच विचारलं नाही.

नंतर ती पाण्याच्या टाकीपाशी खडूचे हात धूत होती. मी जाऊन उभी राहिले.

"तुला कधी कळलं?"

"हजेरीला. तिघी नाहीत, आणि त्यात नेमक्या त्याच दोघी. चिंचोके तू एकटीनंच पाहिले होतेस."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

तिनं नळ बंद केला. "माझी योजना नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मग कोणाची हा होता. तुझा पाठ रद्द झाला असता. माझाही रेंगाळला असता, चौकशी, पुन्हा परीक्षक. मला ते परवडलं नसतं. घरी आई आणि दोघी बहिणी आहेत." तिनं पदराला हात पुसले. "मला ही नोकरी हवी होती, निर्मला. तुझ्याइतकीच. मी तुझ्यावर उपकार केले असं धरून बसू नकोस."

मला तेच धरून बसायचं होतं. उपकार केले असते तर तिचा राग करायला सोपं गेलं असतं.

"उद्या त्या तिघींना शिकवणार आहे," ती जाता जाता म्हणाली. "तू येऊ नकोस."

ऑर्डर तिला मिळाली. माझं लग्न मे महिन्यात झालं. फळा मला चार वर्षांनी मिळाला, दुसऱ्या तालुक्यात, गिरणीवाल्यानं स्वतः खटपट केली म्हणून. पुढची अठ्ठावीस वर्षं मी शिकवलं आणि बरं शिकवलं. डाव्या हातांना मीही उठवायला लागले. दर वेळी वाटायचं, हे तिचं आहे.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी मी गेलेच. वर्गात नाही, मागच्या खिडकीपाशी. मधल्या सुट्टीचा वर्ग होता, आत तिघी आणि यमुना. छबू फळ्यापाशी उभी होती. वर्षभर मी तिला शिकवत होते. प्रश्न विचारला की तिचे डोळे जमिनीला चिकटायचे. तिनं दोन दुणे चार वजा एक लिहिलं, उत्तर काढलं, आणि मग वळून स्वतःच्या डेस्काकडे बघितलं. लग्नाच्या पंगतीत कुणी आपलं नाव घेऊन पाटावर बसवावं तसं तिचं तोंड झालं. त्या तोंडाकडे बघताना मला आनंद झाला नाही. ते माझ्या तासाला व्हायला हवं होतं, एवढंच आलं मनात.

घंटा झाली. छबू बाहेर आली, तिनं मला पाहिलं आणि पळतच माझ्यापाशी आली. मागून शेवंता आणि पारू.

"बाई, तुमी आदी का न्हाई सांगितलं? मी रातभर रडले की घरी. मला वाटलं मी ढ हाय म्हणून नको म्हणालात."



"ऐवळे बाईंनी सांगितलं आमाला," शेवंता म्हणाली. "आमच्या जागा रिकाम्या लागत हुत्या. म्हणून म्हेत्रे बाईंनी, म्हंजी तुमी, आमालाच निवडलं."

"माझी तर रेषेवर नव्हती," पारू म्हणाली.

"अगं, नसलेली पण एक लागतीच की," छबूनं तिला समजावलं आणि माझ्याकडे बघितलं. "व्हय ना, बाई? म्हणूनच ना?"

वर्गाच्या दारात यमुना डस्टर झटकत उभी होती. तिनं मान वर केली नाही.

"हो," मी म्हटलं.

छबू आणि शेवंता हातात हात घालून पळाल्या. पारू तिथेच थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली, गणित चुकलंय हे कळतं पण कुठे ते सापडत नाही, तशी.